औषधांच्या सरकारी फीचा हिशोब रुग्णांनी मागायला हवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण माफ झाला. त्या आठवड्यात आमच्या मेडिकलवर येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारत होता, "भाईजान, आता किती कमी झाले?" विचारायलाच हवं. ज्या घरात अम्मीला बीपी आहे आणि अब्बांना शुगर, त्या घराला महिन्याकाठी शंभर-सव्वाशे रुपये वाचले तरी फरक पडतो.

पंधरा दिवसांच्या आत छिंदवाड्याची बातमी आली. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात खोकल्याचं सिरप घेतलेल्या वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. हा कारखान्यात वापरायचा विषारी द्रावक आहे, औषधात त्याला जागा नाही. सिरप बनवणारा तामिळनाडूतला कारखाना चोरटा नव्हता. त्याच्याकडे सरकारी परवाना होता.

औषधावरच्या कराबद्दल त्या महिन्यात सगळे बोलले. पण औषधाशी जोडलेला आणखी एक सरकारी पैसा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तो म्हणजे परवान्याची, नोंदणीची आणि तपासणीची फी. मी फार्मासिस्ट आहे. ही फी मी भरतो आणि तिची चलनं माझ्या कपाटात आहेत. माझं म्हणणं असं आहे की ही फी चुकीच्या माणसाकडून चुकीच्या प्रमाणात घेतली जाते आणि भलत्याच खिशात जाते. हा दुकानदार आणि कारखानदारांचा घरगुती प्रश्न नाही. या फीतून जी तपासणी व्हायला हवी, ती तुमच्या घरातल्या बाटलीची आहे.

आधी आकडे बघू. औषधांचा कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. किरकोळ विक्रीच्या एका परवान्याची फी १५०० रुपये. साधारण मेडिकलला फॉर्म २० आणि फॉर्म २१ असे दोन परवाने लागतात, म्हणजे ३००० रुपये. कारखान्याला औषध बनवण्याच्या एका परवान्यासाठी ६००० रुपये आणि पहिल्या पाहणीचे १५००. त्यात दहा औषधं बसतात, पुढच्या प्रत्येक औषधाला ३०० रुपये. हे दर २००१ च्या दुरुस्तीत ठरले. २०१७ मध्ये परवान्याचं नूतनीकरण बंद झालं आणि दर पाच वर्षांनी तेवढीच फी भरून परवाना चालू ठेवायची पद्धत आली. पाहणीची फी त्यात धरलेली नाही.

आता गणित करा. पन्नास औषधं बनवणारा कारखाना पाच वर्षांसाठी भरतो ६००० अधिक ४० गुणिले ३००, म्हणजे १८,००० रुपये. महिन्याला ३०० रुपये. माझं दोनशे चौरस फुटांचं मेडिकल भरतं पाच वर्षांचे ३०००, म्हणजे महिन्याला ५० रुपये. लाखो बाटल्या देशभर पाठवणारा कारखाना आणि मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरचं मेडिकल यांच्यातलं अंतर सरकारच्या लेखी फक्त सहा पट आहे.

आणखी एक तुलना करतो, कारण तिने मी स्वतः चक्रावलो होतो. खाण्याच्या पदार्थांसाठी वेगळा कायदा आहे, २००६ चा. त्यात भजीच्या गाडीवाल्याला नोंदणीसाठी वर्षाला १०० रुपये पडतात आणि केंद्रीय परवाना लागणाऱ्या मोठ्या खाद्य कारखान्याला वर्षाला ७५००. आपला पन्नास औषधांचा कारखाना वर्षाला भरतो ३६००. म्हणजे मोठ्या प्रमाणावर बिस्किटं बनवणाऱ्याकडून सरकार जेवढं घेतं, त्याच्या निम्मंसुद्धा मुलांच्या खोकल्याचं सिरप बनवणाऱ्याकडून घेत नाही.

कोणी म्हणेल, बरंच आहे की, फी कमी म्हणजे औषध स्वस्त. हे ऐकायला बरोबर वाटतं, हिशोबात टिकत नाही. समजा एखाद्या कारखान्याची फी वर्षाला पाच लाख केली आणि तो वर्षाला एक कोटी बाटल्या बनवतो. प्रत्येक बाटलीवर बोजा येतो पाच पैशांचा. दुकानात औषध महाग का मिळतं याची खरी कारणं वेगळी आहेत: ब्रँडचं नाव, डॉक्टरांपर्यंत पोचवलेल्या भेटी, मधल्या साखळीचं मार्जिन. फीचं नाव घेऊन घाबरवण्यात अर्थ नाही.

मग स्वस्त फीचं नुकसान काय? तपासणी. माशेलकर समितीने २००३ मध्ये सांगितलं होतं की दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक ड्रग इन्स्पेक्टर असावा. एवढी माणसं नेमायची, त्यांना गाडी द्यायची, नमुने विकत घ्यायचे, प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र चालू ठेवायचं, रसायनं आणायची, या सगळ्याला दरवर्षी पैसा लागतो. महिन्याच्या ३०० रुपयांत कारखान्यापर्यंतचं डिझेलही निघत नाही. खर्च निघत नाही म्हणून पदं रिकामी राहतात, पदं रिकामी म्हणून नमुने कमी उचलले जातात आणि उचललेल्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ती बॅच विकून संपलेली असते. हे शेवटचं मी दुकानात बसून पाहिलंय. माल परत मागवण्याचं पत्र येतं तेव्हा शेल्फवर त्या बॅचची एक पट्टीही शिल्लक नसते.

आपल्या शहरांना हे नवीन नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्येही हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. जे. जे. म्हणजे नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडी बाजार या सगळ्यांचं दवाखान्याचं घर. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, कोणीतरी तिथे जन्मलेलं असेल, कोणीतरी तिथेच गेलेलं असेल. आमच्या पिढीला लेंटिन आयोग माहीत नाही. फार्मसीच्या अभ्यासक्रमातही मला तो भेटला नाही, नंतर स्वतः वाचावा लागला.

२०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली. पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश, बहुसंख्य वस्ती मुसलमानांची. जागतिक आरोग्य संघटनेने ज्या सिरपांबद्दल इशारा दिला ती हरियाणातल्या कारखान्यातली होती. त्यानंतर उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. आपल्या सरकारने काय केलं? जून २०२३ पासून नियम आला की खोकल्याचं सिरप निर्यात करायचं असेल तर आधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तपासणी दाखला हवा. नियम चांगलाच होता. पण देशातल्या दुकानांत जाणाऱ्या सिरपला तेव्हा तशी अट घातली गेली नाही. बाहेरच्या मुलांसाठी आधी तपासणी, आपल्या मुलांसाठी घटना घडल्यावर. दोन वर्षांनी छिंदवाडा घडलं.

आता पैसा जातो कुठे, ते बघू. माझ्या चलनाचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, केंद्राकडे भरलेली फी भारताच्या एकत्रित निधीत. तिथून तो रस्त्याला गेला, पगाराला गेला की व्याजाला, हे कोणी सांगू शकत नाही. तपासणी यंत्रणेला मिळणारं बजेट वेगळं ठरतं आणि फी किती जमली याच्याशी त्याचं नातं नाही. कायद्याची मुलं इथे मान हलवतील: १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि फी यांतला फरक सांगितला होता. कर सक्तीचा असतो आणि सगळ्यांच्या कामासाठी असतो, फी ही एखाद्या विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते. पुढच्या निकालांनी हा नियम बराच सैल केला. तरी साधा प्रश्न उरतोच. औषध तपासणीच्या नावाने घेतलेले पैसे औषध तपासणीवर का खर्च होऊ नयेत?

फी वाढवा म्हटलं की माझ्या धंद्यातले लोक रागावतात, म्हणून स्पष्ट लिहितो. सरसकट वाढीला माझाही विरोध आहे. आज अक्कलकुवा, मालेगाव, भिवंडी, मुंब्रा इथून दरवर्षी आपली किती मुलं-मुली डी.फार्म, बी.फार्म होऊन बाहेर पडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यातले बरेच जण स्वतःचं मेडिकल टाकायचं स्वप्न बघतात. भाडं, फ्रिज, पहिला माल यातच घरचे दागिने गहाण पडतात. त्यांच्या माथी आणखी बोजा नको. मेडिकलची फी आहे तिथेच राहू द्या.

वाढ व्हायची ती कारखान्याची, आणि तीही मापात. इथे मी काही नवीन शोधून काढलेलं नाही, आपल्याच कायद्यांत तिन्ही माप तयार पडलेली आहेत. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम बघा. त्यात धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गाच्या कारखान्याला फी ५००० रुपये आणि प्रत्येक उपकरणाला ५००, तर हृदयाच्या स्टेंटसारख्या क आणि ड वर्गाला ५०,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणाला १०००. धोका जास्त तर फी जास्त, हे सरकारने तिथे मान्य केलंय. मग लहान मुलांचं सिरप, सलाईन, इंजेक्शन यांना साध्या मलमाच्या रांगेत का बसवायचं? दुसरं माप अन्नाच्या कायद्यात आहे, गाडीवाल्याला १०० आणि मोठ्याला ७५००. तिसरं माप उलाढालीचं. कारखान्यांच्या दर्जाचे सुधारित नियम, ज्यांना 'शेड्यूल एम' म्हणतात, ते लागू करताना सरकारने २५० कोटींची रेघ ओढली आणि त्याखालच्या छोट्या कारखान्यांना जास्त मुदत दिली. तीच रेघ फीसाठी वापरता येते. तारापूर, अंबरनाथ, वाळूजच्या छोट्या युनिटला वेगळा दर, हजारो कोटींच्या कंपनीला वेगळा.

सरकारला फी वाढवता येत नाही असंही नाही. परदेशी औषध भारतात नोंदवायची फी २०१८ मध्ये एका झटक्यात वाढवली. कारखान्यामागे १५०० डॉलर होते ते १०,००० झाले, प्रत्येक औषधामागे १००० होते ते ५००० झाले. देशातल्या मोठ्या कारखान्यांपाशी आलं की हा उत्साह कुठे जातो, ते त्यांनी सांगावं.

एक धोका मात्र खरा आहे, आणि फी वाढवा म्हणणाऱ्यांनी तो लपवू नये. अमेरिकेत एड्सच्या काळात औषधांची मंजुरी रखडत होती, रुग्ण रस्त्यावर उतरले होते. १९९२ मध्ये तिथे कायदा आला आणि कंपन्यांकडून मोठी फी घेऊन त्यातून तपासणारी माणसं नेमायला सुरुवात झाली. आज तिथे नव्या औषधाच्या एका अर्जाला चाळीस लाख डॉलरच्या वर फी पडते आणि माणसांच्या औषधांच्या विभागाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च अशा फीतून निघतो. मंजुरीचा वेग वाढला. पण ज्याला तपासायचं त्याच्याच पैशावर पगार, ही टीकाही तेव्हापासून चालू आहे, आणि ती पोकळ नाही. तिथे फीचे दर आणि मुदती दर पाच वर्षांनी कंपन्यांशी वाटाघाटी करून ठरतात.

आपल्याला तो मार्ग जसाच्या तसा नको. मंजुरी लवकर मिळावी म्हणून फी घेणं वेगळं आणि बाजारातली बाटली तपासण्यासाठी फी घेणं वेगळं. पहिलीत कंपनी गिऱ्हाईक होते, दुसरीत गिऱ्हाईक रुग्ण असतो. वाढीव फीचा पैसा एका वेगळ्या निधीत जावा, त्यातून फक्त नमुने, प्रयोगशाळा आणि इन्स्पेक्टर यांचा खर्च व्हावा, कॅगने त्याचं ऑडिट करावं आणि कोणत्या जिल्ह्यात किती नमुने उचलले, किती नापास झाले हे दर तीन महिन्यांनी मराठीत जाहीर व्हावं. निधीवर कंपन्यांचा एकही प्रतिनिधी नसावा. सरकारचा स्वतःचा वाटा त्यामुळे कमी होता कामा नये, नाहीतर एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखं होईल.

आणि एक फी अशी आहे जी कमी नाही, पूर्ण काढून टाकायला हवी. १९४० च्या कायद्याचं कलम २६ वाचा. कोणताही माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि त्याचा अहवाल मिळवू शकते. अर्जाचा नमुना १४-अ, अहवालाचा १४-ब. अट एकच, ठरलेली फी भरा. फी तपासणीच्या प्रकाराप्रमाणे बदलते.

हे कलम किती जिवंत आहे, ते मी एकदा करून पाहिलं. आमच्याकडे येणाऱ्या एक खाला दुसरीकडून घेतलेल्या शुगरच्या गोळ्या घेऊन आल्या. नियमित घेऊनही शुगर उतरत नव्हती आणि गोळी पाण्यात विरघळत नाही अशी त्यांची तक्रार होती. (पाण्यात न विरघळणं हा काही पुरावा नाही, लेप असलेल्या गोळ्या वेळ घेतात. पण शंका रास्त होती.) मी त्यांच्या वतीने एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर कलम २६ कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या टेबलावर माहीत होतं, पण कोणती तपासणी, किती फी आणि ती कोणत्या खात्यात भरायची, हे मुंबईला विचारावं लागेल असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला खालाच म्हणाल्या, "रहने दे बेटा, मी डॉक्टरांकडून गोळी बदलून घेते." गोळी बदलली. ती जुनी पट्टी खरी होती की खोटी, हे कोणालाच कळलं नाही, आणि त्याच बॅचच्या पट्ट्या आणखी किती घरांत गेल्या तेही नाही.

शंका हवेतली नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे अलीकडेच उघड झालंय. सरकारी पुरवठ्यात हे होत असेल तर रुग्णाला स्वतः तपासून घेण्याचा हक्क हवाच. माहितीच्या अधिकाराचा केंद्राकडचा अर्ज १० रुपयांत होतो आणि दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी शून्य आहे. मग औषधाच्या गोळीवरच शंका घ्यायला पैसे का? नमुना नापास झाला तर खर्च कंपनीकडून वसूल करा, पास झाला तर तपासणी निधीतून जाऊ द्या. फीचा तक्ता केंद्राच्या नियमांत आहे, त्यामुळे तो बदलायला दिल्लीला जावं लागेल. तोपर्यंत महाराष्ट्र सरकार नागरिकाच्या वतीने ती रक्कम स्वतः भरू शकतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राज्याच्या प्रयोगशाळा आहेतच.

या कलमाचा सर्वात मोठा उपयोग आपल्या वस्त्यांतल्या संस्थांना आहे. जकात आणि सदक्याच्या पैशांतून औषधं वाटणारे ट्रस्ट, शिबिरं भरवणारी मंडळं दरवर्षी ठोक भावाने माल घेतात. जिथे स्वस्त मिळेल तिथून घेतात, कारण पैसा अमानत आहे आणि रुग्ण जास्त. पण स्वस्तात घेतलेल्या पेटीतली एक पट्टी तपासायला पाठवणं हाही त्या अमानतीचाच भाग आहे. अशी संस्था ग्राहक संघटना म्हणून मान्यता मिळवू शकली तर तिला कलम ३२ प्रमाणे थेट फौजदारी तक्रारही करता येते. इन्स्पेक्टरची वाट बघावी लागत नाही.

नियम बदलताना केंद्राला आधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. कारखानदारांच्या संघटना प्रत्येक वेळी लिहितात, आमच्या केमिस्टांच्या संघटनाही लिहितात. रुग्णांच्या बाजूने फार थोडी पत्रं जातात, आणि आपल्या मोहल्ल्यातून तर मी एकही गेलेलं ऐकलं नाही. तुमच्यात वकील आहेत, फार्मसीची मुलं आहेत, तीन भाषांत लिहू शकणाऱ्या मुली आहेत. पुढच्या मसुद्याची वाट बघायचीही गरज नाही, आरोग्य मंत्रालयाला निवेदन आजही देता येतं. त्यात चार मागण्या पुरेत: मोठ्या कारखान्याला धोका आणि उलाढालीप्रमाणे फी, मेडिकलला आहे तीच, पैसा वेगळ्या निधीत, आणि कलम २६ खाली नागरिकाला शून्य फी.

आणि तोवर औषध घेताना पक्कं बिल मागा, आमच्याकडेसुद्धा. त्यावर बॅच नंबर आहे का बघा. १४-अ च्या अर्जात औषध कुठून आणि कधी घेतलं ते लिहावं लागतं, आणि बिल नसेल तर पहिल्याच टेबलावर अर्ज परत येतो.